धाडसाला बळ कशाचे?

पुण्याच्या बजाज ऑटोने २०२५ मध्ये ऑस्ट्रियातील डबघाईला आलेली केटीएम ही मोटारसायकल कंपनी ताब्यात घेतली. एकेकाळी ज्या कंपनीकडून तंत्रज्ञानाचे धडे घ्यायचे, तिलाच तारण्याची वेळ चाकणवर आली. उद्योजकाची वृत्ती मोठी की कंपनीची साधनसंपत्ती, हा जुना वाद या घटनेने पुन्हा उभा केला आहे. दुचाकी उद्योगाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत या वादाचे उत्तर दडलेले आहे आणि चाकण, भोसरी, वाळूजमधील शेकडो लहान कारखानदारांसाठी ते आज अतिशय महत्त्वाचे आहे.

ऑस्ट्रियातील मॅटिगहोफेन या छोटेखानी शहरातील केटीएमच्या कारखान्याची धडधड डिसेंबर २०२४ मध्ये थांबली. त्याआधीच, नोव्हेंबरमध्ये, कंपनीने न्यायालयाकडे धाव घेतली होती. देणेकऱ्यांचे दावे सुमारे दोन अब्ज युरोंच्या घरात होते आणि अडीच लाखांहून अधिक मोटारसायकली विक्रीविना पडून होत्या. मार्च २०२५ मध्ये उत्पादन पुन्हा सुरू झाले खरे, पण सुट्या भागांच्या टंचाईमुळे एप्रिलअखेर ते पुन्हा बंद करावे लागले. अखेर देणेकऱ्यांनी आपल्या येण्याच्या ३० टक्के रकमेवर समाधान मानले आणि ती रक्कम उभी करण्यासाठी बजाज ऑटो पुढे सरसावली. कंपनीने एकंदर ८० कोटी युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे पावणेआठ हजार कोटी रुपये, केटीएमसाठी उपलब्ध करून दिले. नियामकांच्या मंजुऱ्या मिळाल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये नियंत्रणाची सूत्रेही बजाजकडे आली.

या व्यवहाराकडे भारतीय कंपनीने युरोपात रोवलेला झेंडा म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु अभिमानाचा भाग बाजूला ठेवला, तर त्यातून एक कोडे समोर येते. केटीएमकडे उद्यमशीलतेची वानवा मुळीच नव्हती. किंबहुना, धाडसाच्या परीक्षेत ही कंपनी बजाजपेक्षा कितीतरी पुढे होती. १९९१ मध्ये एकदा बुडालेली ही कंपनी स्टेफान पिअरर यांनी १९९२ मध्ये हाती घेतली आणि तिला युरोपातील सर्वांत मोठी मोटारसायकल उत्पादक कंपनी बनवले. डाकार या जगातील खडतर शर्यतीत मोटारसायकल गटाचे विजेतेपद या कंपनीने २००१ पासून २०१९ पर्यंत सलग १८ वेळा पटकावले. हुस्कवार्ना, गॅसगॅस असे एकामागून एक ब्रँड तिने आपल्या पंखाखाली घेतले. मग असे असताना ही कंपनी कोसळली कशी? आणि धिम्या, सावध म्हणून अनेकदा हिणवली गेलेली पुण्याची कंपनी तिला वाचवण्याच्या स्थितीत आली कशी?

वृत्ती आणि साधने

व्यवस्थापनशास्त्रात या प्रश्नाची दोन उत्तरे दीर्घकाळ दिली जात आली आहेत. एक विचार उद्योजकीय वृत्तीवर भर देतो. नावीन्याची ओढ, जोखीम पत्करण्याची तयारी आणि स्पर्धकाच्या आधी पाऊल टाकण्याची सवय या तीन गुणांवर कंपनीचे यश ठरते, असा त्याचा आशय. डॅनी मिलर या अभ्यासकाने १९८३ मध्ये या तीन गुणांची सांगड घातली आणि तेव्हापासून जगभर त्यावर संशोधन झाले. दुसरा विचार साधनसंपत्तीला महत्त्व देतो. भांडवल, तंत्रज्ञान, कुशल मनुष्यबळ, विक्रेत्यांचे जाळे, नावलौकिक यांपैकी जे इतरांना सहज मिळवता येत नाही ते ज्याच्याकडे आहे, तोच टिकतो, असे ही मंडळी मानतात.

या दुसऱ्या विचाराचे मूळ ज्यांच्या लेखनात सापडते, त्या एडिथ पेनरोज यांनी १९५९ मध्येच एक मार्मिक भेद केला होता. कंपनीकडे असलेली साधने आणि त्या साधनांकडून प्रत्यक्षात करून घेतले जाणारे काम या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. तेच यंत्र, तोच कामगार, तेच भांडवल एका व्यवस्थापनाच्या हाती एक काम करते आणि दुसऱ्याच्या हाती वेगळेच. हा भेद ध्यानात घेतला की वृत्ती विरुद्ध साधने हा वादच चुकीच्या पद्धतीने मांडला गेला आहे, हे लक्षात येते. खरा प्रश्न असा की साधने कंपनीच्या स्वतःच्या मालकीची आहेत की उसनी आणि ती हाताशी असताना, म्हणजे सुगीच्या दिवसांत, खर्च करण्याची तयारी तिच्यात आहे की नाही?

दुचाकी उद्योगाइतके या प्रश्नाचे स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. एकच बाजारपेठ, एकच धोरणचौकट, बहुतेक वेळा एकाच परिसरातील कारखाने आणि तरीही नशीब मात्र प्रत्येकाचे वेगळे.

भरल्या घरातील झोप

बजाज ऑटोची सत्तर-ऐंशीच्या दशकांतील स्थिती आजच्या पिढीला अद्भुत वाटेल. इटलीच्या पिआज्जिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये कंपनीने चेतक बाजारात आणली. परवाना पद्धतीमुळे उत्पादनावर मर्यादा होती आणि मागणी मात्र अफाट. स्कूटरची नोंदणी केल्यावर ती घरी येण्यास आठ-दहा वर्षे लागत. मुलीच्या लग्नात द्यायची म्हणून ती लहान असतानाच स्कूटर नोंदवून ठेवणारी कुटुंबे त्या काळी होती. कंपनीकडे पैसा होता, आकुर्डीचा कारखाना होता, १९८५ मध्ये वाळूजचाही सुरू झाला, देशभर विक्रेते होते आणि घराघरांत नाव होते. साधनांच्या यादीत काहीच कमी नव्हते.

परंतु ज्या मालासाठी ग्राहक दहा वर्षे थांबतो, तो माल बदलण्याची गरज उत्पादकाला कशी वाटावी? चेतकचे मूळ स्वरूप वर्षानुवर्षे फारसे बदलले नाही. याच काळात, १९८५ मध्ये, हिरो होंडाने चार स्ट्रोक इंजिनाची सीडी १०० ही मोटारसायकल आणली. कमी पेट्रोलमध्ये अधिक अंतर हा तिचा साधा, पण मध्यमवर्गाच्या थेट खिशाला भिडणारा दावा होता. नव्वदच्या दशकाअखेर मोटारसायकलींनी स्कूटरला मागे टाकले. २००१ मध्ये हिरो होंडा ही जगातील सर्वाधिक दुचाकी विकणारी कंपनी ठरली आणि बजाजचे दीर्घकाळचे अग्रस्थान गेले. आर्थिक उदारीकरणानंतर १९९३ मध्ये उद्योगपतींच्या ज्या गटाने परदेशी कंपन्यांशी समान पातळीवर स्पर्धा करता यावी अशी मागणी केली, त्या ‘बॉम्बे क्लब’चे एक प्रमुख प्रवक्ते राहुल बजाज होते. त्यांची भूमिका तर्काला सोडून नव्हती. तथापि, त्यांच्या स्वतःच्या कंपनीला मागे टाकणारा बदल एक भारतीय सायकल उत्पादक घराणे घडवून आणत होते, हेही तितकेच खरे.

बजाजला सावरले ते साधनांनीच, पण वेगळ्या पद्धतीने वापरलेल्या. कावासाकीशी तांत्रिक सहकार्य ऐंशीच्या दशकापासून होते. त्यातून शिकलेल्या अभियंत्यांच्या बळावर, नव्या चाकण कारखान्यातून, नोव्हेंबर २००१ मध्ये पल्सर आली. ही मोटारसायकल कंपनीच्या स्वतःच्या संशोधन विभागाचे अपत्य होती. हा बदल वेदनारहित मात्र नव्हता. हजारो कामगारांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, पुरवठादारांची संख्या कमी करण्यात आली आणि २००७ मध्ये आकुर्डीतील उत्पादन थांबले. पिंपरी-चिंचवडमधील अनेक कुटुंबांना त्या निर्णयाची झळ आजही आठवते. कंपनीच्या ताळेबंदात जे ‘पुनर्रचना’ या एका शब्दात मावते, ते प्रत्यक्षात एका संपूर्ण वसाहतीचे अर्थकारण असते.

भागीदार एक, गती दोन

उसनी साधने आणि स्वतःची साधने यांतील फरक समजून घेण्यासाठी १९८४ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी जपानच्या होंडाने भारतात दोन घराण्यांशी हात मिळवले. मोटारसायकलींसाठी उत्तरेतील मुंजाल यांच्या हिरो समूहाशी आणि स्कूटरसाठी पुण्याच्या फिरोदिया यांच्या कायनेटिक समूहाशी.

उद्यमशीलतेत फिरोदिया कोणत्याही अर्थाने कमी नव्हते. १९७२ मध्ये त्यांनी बाजारात आणलेल्या लुनाने सायकल आणि स्कूटर यांच्या मधला एक संपूर्ण नवा ग्राहकवर्ग निर्माण केला. कारकून, शिक्षक, दूधवाले, महाविद्यालयीन तरुणी अशा अनेकांचे पहिले वाहन लुनाच होते. त्यानंतर कायनेटिक होंडाने गिअर नसलेली, बटन दाबताच सुरू होणारी स्कूटर भारतीय रस्त्यांवर आणली. आज शहरात विकली जाणारी जवळजवळ प्रत्येक स्कूटर याच कल्पनेची वारस आहे. ग्राहकाला उद्या काय हवे असेल, हे ओळखण्यात कायनेटिक बजाजपेक्षा पंधरा-वीस वर्षे पुढे होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

परंतु इंजिनाचे ज्ञान होंडाचे होते. १९९८ मध्ये होंडाने आपला हिस्सा फिरोदिया समूहाला विकला, पुढच्याच वर्षी स्वतःची स्वतंत्र कंपनी भारतात स्थापन केली आणि २००१ मध्ये ॲक्टिव्हा आणली. कायनेटिकने ज्या बाजारपेठेची मशागत केली, तिचे पीक होंडाने काढले. त्यानंतर कायनेटिकने धाडस सोडले असे नाही. कोरियाच्या ह्योसंगशी, इटलीच्या इटालजेटशी, तैवानच्या एसवायएमशी तिने संबंध जोडले. स्कूटरी आणल्या, मोटारसायकलीही आणल्या. प्रत्येक प्रयत्न नवा होता आणि प्रत्येक वेळी तंत्रज्ञान दुसऱ्याचे होते. अखेर २००८ मध्ये दुचाकी व्यवसाय महिंद्र समूहाकडे गेला. व्यवहाराची रक्कम होती ११० कोटी रुपये.

येथे कथेला आणखी एक वळण आहे. महिंद्रकडे भांडवल होते, वाहन उद्योगाचा प्रदीर्घ अनुभव होता, देशभर प्रतिष्ठा होती. कायनेटिकला जे कमी पडले ते सारे महिंद्रकडे होते, असे वाटावे. तरीही सर्वसामान्यांच्या स्कूटर आणि मोटारसायकलींच्या बाजारात महिंद्रला बस्तान बसवता आले नाही. पुढे समूहाने जावासारख्या निवडक ग्राहकांच्या ब्रँडकडे मोर्चा वळवला. ट्रॅक्टर आणि जीप विकणाऱ्या कंपनीची साधने दुचाकीच्या बाजारात जशीच्या तशी उपयोगी पडत नाहीत. सारी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, ही म्हण खरीच. पण पैसा असला म्हणजे बाकी सारे आपोआप येते, हेही खरे नाही.

आता दुसऱ्या भागीदाराकडे पाहू. होंडाने डिसेंबर २०१० मध्ये हिरोशीही फारकत घेण्याचे ठरवले. त्या वेळी हिरोची अवस्था कायनेटिकसारखी होईल, असे भाकीत अनेकांनी केले होते. तसे घडले नाही. विभक्त झाल्यानंतरही अनेक वर्षे हिरोने देशातील पहिला क्रमांक राखला. कारण सव्वीस वर्षांच्या सोबतीत इंजिन होंडाचे असले, तरी गावोगावचे विक्रेते, सायकलीच्या धंद्यापासून जोडलेले पुरवठादार, तालुक्याच्या गावातील दुरुस्ती केंद्रे आणि ग्राहकांचा विश्वास हे सारे हिरोचे स्वतःचे होते. शिवाय तंत्रज्ञान वापरण्याची मुभा करारानुसार काही वर्षे मिळाली. त्या काळात कंपनीने स्वतःच्या संशोधनावर खर्च केला आणि २०१६ मध्ये जयपूरजवळ संशोधन केंद्र उभे राहिले. भागीदार एकच, पण त्याच्या जाण्याने एक कंपनी संपली आणि दुसरी उभी राहिली. हा फरक हिंमतीचा नव्हता. घरात काय शिल्लक होते, याचा होता.

केटीएमचे काय चुकले?

या पार्श्वभूमीवर केटीएमचे पतन अधिक स्पष्ट होते. कंपनीचे तंत्रज्ञान स्वतःचे होते, नावही उसने नव्हते. उसना होता तो पैसा. करोनाकाळानंतर दुचाकींची मागणी वाढली, तेव्हा कंपनीने उत्पादन वाढवले. सायकलींच्या व्यवसायात पाय पसरले. एमव्ही अगुस्टा या इटालियन कंपनीत आधी अल्प आणि मग बहुसंख्य हिस्सा घेतला. २०२३ पर्यंत विक्री चढत गेली. त्यानंतर युरोप-अमेरिकेत व्याजदर वाढले, ग्राहकांनी हात आखडता घेतला आणि तयार गाड्या गोदामांत व विक्रेत्यांकडे साचू लागल्या. मागणी घटत असताना उत्पादनाला वेळीच लगाम घातला गेला नाही. चढत्या काळात जी वृत्ती कंपनीला पुढे नेत होती, तीच उतरत्या काळात तिला खोल नेत गेली. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा घरगुती सल्ला मॅटिगहोफेनमध्ये कोणी दिला असता, तर तो जुनाट वाटला असता.

बजाजचा या कंपनीशी संबंध २००७ पासूनचा. प्रारंभी सुमारे साडेचौदा टक्के भांडवली हिस्सा, मग तो हळूहळू वाढवत नेणे आणि लहान क्षमतेच्या केटीएम मोटारसायकलींचे उत्पादन चाकणमध्ये करणे, असे या नात्याचे स्वरूप राहिले. जानेवारी २०२३ मध्ये चाकणमधून दहा लाखावी केटीएम बाहेर पडली. या सोळा वर्षांत बजाजने निर्यातीचे जाळेही विणले. आफ्रिकेतील मोटारसायकल टॅक्सीचालकांपासून लॅटिन अमेरिकेतील तरुणांपर्यंत तिचा ग्राहक पसरला. ब्रिटनच्या ट्रायम्फशी भागीदारी करून २०२३ मध्ये स्पीड ४०० आणि जुलै २०२४ मध्ये सीएनजीवर धावणारी फ्रीडम १२५ हे प्रयोगही याच काळातले. धाडस होते, पण प्रत्येक पावलामागे आधीच्या पावलाची कमाई होती. केटीएमसाठी लागलेल्या रकमेचा काही भाग बजाजनेही बँकांकडून कर्जाने उभारला. फरक इतकाच की ताळेबंद स्वच्छ असल्याने तिला ते कर्ज सहज मिळाले. देणे डोईजड झालेल्या केटीएमसाठी ते दार बंद झाले होते.

अर्थात, सावधपणाचीही किंमत असते आणि ती बजाजने मोजली आहे. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने स्कूटरच्या व्यवसायातून पूर्णतः बाहेर पडण्याचे जाहीर केले. मोटारसायकलींवर लक्ष एकवटायचे, हा राजीव बजाज यांचा आग्रह होता. राहुल बजाज यांनी या निर्णयाबद्दलची खंत जाहीरपणे व्यक्त केली होती. त्यानंतरच्या दशकात ॲक्टिव्हाच्या जोरावर स्कूटरचा बाजार पुन्हा फुलला आणि त्यात बजाजचे नाव नव्हते. निर्यातीने ती उणीव काही अंशी भरून काढली. मात्र शहरी कुटुंबाच्या दारातून बजाज दिसेनाशी झाली.

विजेच्या स्कूटरची शर्यत

हीच कसोटी आज विजेवर धावणाऱ्या दुचाकींच्या बाजारात नव्याने लागली आहे. बजाजने जानेवारी २०२० मध्ये विजेवरची चेतक आणली. त्याच महिन्यात टीव्हीएसने आयक्यूब आणली. दोघांचीही सुरुवात अगदी संथ होती. चेतक आधी फक्त पुणे आणि बंगळुरूत मिळे. त्या मानाने ऑगस्ट २०२१ मध्ये पदार्पण करणाऱ्या ओला इलेक्ट्रिकचा झपाटा डोळे दिपवणारा होता. तमिळनाडूत प्रचंड कारखाना, घरपोच विक्री, आक्रमक किमती यांच्या जोरावर एप्रिल २०२४ मध्ये या बाजाराचा जवळपास निम्मा हिस्सा एकट्या ओलाकडे होता. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने ७६ रुपये दराने समभाग विकून सहा हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेची प्रारंभिक विक्री यशस्वी केली. वृत्ती होती, पैसाही होता.

मग कमी काय पडले? दुरुस्ती केंद्रे, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि सुट्या भागांचा नियमित पुरवठा. विकलेल्या गाड्यांच्या तुलनेत ही व्यवस्था अपुरी पडली. ग्राहकांच्या तक्रारींचा ओघ वाढल्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीला कारणे दाखवा नोटीस बजावली. डिसेंबर २०२४ मध्ये मासिक विक्रीत चेतक प्रथमच पहिल्या क्रमांकावर आली. एप्रिल २०२५ मध्ये टीव्हीएसने ते स्थान घेतले. जुन्या कंपन्यांनी पन्नास वर्षांत उभारलेले विक्रेत्यांचे आणि दुरुस्तीचे जाळे ही गोष्ट पैसे मोजून एका वर्षात विकत घेता येत नाही, हे या उलथापालथीने दाखवून दिले.

परंतु यावरून जुन्यांचा विजय जाहीर करणेही घाईचे ठरेल. सरकारी अनुदान हीही एक उसनी साधनसामग्रीच असते. जून २०२३ मध्ये केंद्राने विजेवरील दुचाकींचे अनुदान घटवले, तेव्हा सर्वच उत्पादकांची गणिते विस्कटली. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. विजेच्या मोटारीत लागणारे हे चुंबक मिळेनासे झाल्याने ऑगस्ट २०२५ मध्ये चेतकच्या उत्पादनाला मोठा फटका बसला. तिजोरी भरलेली, कारखाना सुसज्ज, मागणीही भरपूर आणि तरी एका छोट्या चुंबकावाचून काम अडले. कंपनीला जे आपले वाटत होते, त्यातील एक दुवा आपला नव्हताच, हे तेव्हा उमगले.

फिरोदिया घराण्यातील पुढच्या पिढ्याही याच वाटेने परतल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये लुना विजेवर अवतरली आणि जुलै २०२५ मध्ये कायनेटिक डीएक्सही. विजेच्या वाहनात गुंतागुंतीच्या इंजिनाची जागा बॅटरी, मोटार आणि संगणकीय नियंत्रणाने घेतली आहे. साहजिकच, होंडाच्या जाण्याने जी उणीव निर्माण झाली होती, ती आता तितकी जाचक राहिलेली नाही. लोकांच्या मनातील नाव हे एकच साधन या घराण्याकडे शाबूत उरले होते. त्याचे मोल किती, हे येत्या काही वर्षांत ठरेल.

लहान कारखानदाराचे काय?

या साऱ्या चर्चेत मोठ्या कंपन्यांची नावे झळकतात. परंतु पुणे जिल्ह्यात आणि छत्रपती संभाजीनगर परिसरात दुचाकी उद्योगाचा खरा विस्तार आहे तो भोसरी, चाकण, वाळूज येथील लहान आणि मध्यम कारखान्यांत. पिस्टन, क्लच, गिअर, सायलेन्सर, कार्ब्युरेटरचे भाग हे त्यांचे काम. विजेच्या स्कूटरला यातील बहुतेक गोष्टी लागत नाहीत. एथर एनर्जीने २०२४ मध्ये आपल्या तिसऱ्या कारखान्यासाठी बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीची निवड जाहीर केली, ही मराठवाड्यासाठी संधी आहे. तथापि, वाळूजमध्ये पिढ्यानपिढ्या गिअर कापणाऱ्याला त्या कारखान्याचे काम आपोआप मिळेल, असे नाही.

अशा कारखानदाराला ‘उद्योजकीय वृत्ती अंगी बाणवा’ असा उपदेश करणे सोपे असते. राज्यात अशा उपदेशांच्या परिषदांना तोटा नाही. पण बँकेचे कर्ज, जुनी यंत्रे आणि मोठ्या ग्राहकाकडे अडकलेली बिले या तीन गोष्टींमध्ये सापडलेल्या माणसाने नवे यंत्र घ्यायचे कशातून? लहान पुरवठादारांची बिले ४५ दिवसांत चुकती व्हावीत, असे २००६ चा कायदा सांगतो. मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येणार नाही, अशी तरतूद २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही आणली. या तरतुदींची चर्चा लेखापालांपुरती मर्यादित राहते. वस्तुतः लहान कारखानदाराच्या दृष्टीने वेळेवर हाती आलेला पैसा हेच नव्या प्रयोगाचे भांडवल आहे. केटीएमचे देणेकरी ३० टक्क्यांवर राजी झाले, या बातमीचा अर्थ भोसरीतील पुरवठादाराला चटकन समजेल. मोठी कंपनी वाचली की पुरवठादाराचे ७० टक्के बुडाले हे कोणी विचारत नाही.

त्याचबरोबर लहान कारखानदारांकडेही साधने नाहीत, असे मानणे चूक ठरेल. सूक्ष्म मापाचे काम बिनचूक करण्याची सवय, ठरल्या तासाला माल पोहोचवण्याची शिस्त, चाळीस-चाळीस वर्षांचा हात बसलेले कारागीर ही संपत्ती कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. दुचाकीचा गिअर कापणारा हात वैद्यकीय उपकरणे, संरक्षण सामग्री किंवा विजेच्या मोटारीचे दांडे यांसाठीही उपयोगी पडू शकतो. प्रश्न असतो तो जुने काम चालू असतानाच नव्या कामाला सुरुवात करण्याचा. इंजिनाच्या दुचाकींची मागणी आजही मोठी आहे आणि आणखी काही वर्षे ती राहील. ही उसंत म्हणजेच सुगीचे दिवस. बजाजने ऐंशीच्या दशकात अशीच उसंत दवडली आणि पुढे तिची किंमत हजारो कामगारांनी चुकती केली.

खरी परीक्षा पुढेच

आकुर्डीच्या ज्या आवारात मूळ चेतक तयार होत असे, तेथेच जून २०२२ मध्ये, राहुल बजाज यांच्या जयंतीदिनी, विजेच्या चेतकचा कारखाना सुरू झाला. त्यांचे त्याच वर्षी फेब्रुवारीत निधन झाले होते. जागा तीच, नाव तेच. कंपनीच्या जुन्या साधनांकडून नवे काम करून घेण्याचे याहून बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

केटीएमच्या बाबतीत मात्र बजाजला आता नेमके उलटे करायचे आहे. आजवर ती भागीदार होती. नफ्यात वाटा आणि तोट्यापासून सुरक्षित अंतर अशी ती सोय होती. आता ऑस्ट्रियातील कामगार, तेथील पुरवठादार, गोदामातील गाड्या आणि युरोपातील मंदावलेली मागणी यांची जबाबदारी तिच्या शिरावर आली आहे. उत्पादनाचा अधिक भाग चाकणला हलवला, तर खर्च कमी होईल. पण ज्या अभियंत्यांमुळे केटीएम ही केटीएम आहे, ते मॅटिगहोफेनमध्ये टिकतील का? ते टिकवले नाहीत, तर पावणेआठ हजार कोटी रुपये मोजून बजाजच्या हाती केवळ एक नाव उरेल आणि नुसत्या नावाच्या जोरावर किती काळ निभावते, याचा अनुभव या उद्योगाने अनेकदा घेतला आहे.

सुदैवाने कंपनीकडे या वेळी दोन्ही गोष्टी आहेत. पैसा आहे आणि जोखीम घेण्याची तयारीही. पैकी पहिली गोष्ट तिने तीन दशकांच्या काटकसरीने मिळवली. दुसरी तिला २००१ मध्ये पिछेहाटीने शिकवली. चाकणच्या रस्त्यावरून रोज सुट्या भागांचे टेम्पो धावतात. या दोन्हींचा मेळ कंपनी कसा घालते, यावर त्या टेम्पोंच्या पुढच्या दहा वर्षांच्या फेऱ्याही अवलंबून आहेत.